हे घर गौराक्कानं बांधलं

गौराक्का,

आपल्या लिंगायतांच्या रीतीनं तुला मातीत बसवून आलो त्याला अजून आठवडा झाला नाही, आणि लोकांनी तुझं घर दुसऱ्याच्या नावावर लावूनसुद्धा टाकलं. कागदावर नव्हे, तोंडावर. तोंडावरचं किती लवकर पसरतं ते माझ्यासारख्या पत्रकं वाटत फिरणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको.

झालं असं. तिसऱ्या दिवशी माणसं भेटायला आली. तुझ्याच पुढच्या खोलीत, तुझ्याच शहाबादी फरशीवर सतरंजी टाकून बसली. मैंदर्गीचे ते वयस्कर पाहुणे होते, ज्यांना तू कधी दोन वाक्यांच्या वर बोलू दिलं नाहीस. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "विधवा बहिणीला एवढं पक्कं घर बांधून देणारा भाऊ आता कुठं बघायला मिळतो." सगळ्या माना हलल्या. अप्पा, म्हणजे तुझा धाकटा भाऊ आणि माझे वडील, समोरच बसले होते. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. फरशीच्या सांध्याकडं बघत राहिले.

मी म्हणाले, "अप्पांनी नाही, अक्कानं बांधलं. तुम्ही ज्या भिंतीला टेकलाय ना, ती अप्पांनी अडवून धरली होती."

अव्वानं, माझ्या आईनं, माझा पदर ओढला. पाहुणे म्हणाले, "दुःखाच्या घरी असं बोलू नये, पोरी."

"मग काय, खोटं बोलावं?"

चहा आला, लोक निवले. मी नाही निवले. शोकसभेत माणसाचं कौतुक करतात म्हणे. तुझ्या शोकसभेत कौतुक झालं ते भावाचं. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, मागं कोण, ते दुसरं कुणी लिहील. मी घराचं लिहिणार.

एक मात्र आधी सांगते. तुला खाली बसवलं तेव्हा मी काठालाच उभी होते. खड्ड्याची एक बाजू तिरकी खणलेली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मनात येत होतं, अक्का असती तर आत्ता गवंड्याचा ओळंबा मागवला असता आणि विधी करणाऱ्या स्वामींनासुद्धा थांबवून ठेवलं असतं.

तुला आठवत असेल, सगळं एका खिडकीवरून सुरू झालं. तू भाड्याच्या दोन खोल्यांत खानावळ चालवायचीस. गिरणीतली एकटी माणसं दोन वेळा जेवून जायची, आणि चुलीच्या धुरानं तुझे डोळे कायम लाल. होटगी रोडच्या माळावरचा तुकडा तुझ्या मालकांनी रेल्वेत असतानाच घेऊन ठेवला होता. ते गेले, तुकडा राहिला. दुष्काळ सरला आणि तू म्हणालीस, आता बांधायचं. अप्पांनी लगेच ओळखीचा ठेकेदार आणला. पांढरा लेंगा, बोटात अंगठ्या. तो अप्पांकडं तोंड करून बोलत होता आणि तू मधे बसली होतीस.

तू विचारलंस, "सैपाकघराची खिडकी कुटं यील?"

तो अप्पांना म्हणाला, "बाईंना सांगा, काळजी करू नका. किल्ली हातात आणून देतो."

तू परत विचारलंस, पश्चिमेला ठेवता येईल का. तो परत अप्पांनाच म्हणाला, "पश्चिमेला खिडकी चालत नाही, धूर आत येतो. ते आमच्यावर सोडा."

तू उठलीस. त्याचा चहा अजून संपला नव्हता, तरी कप उचललास. "तुमी जावा. माजं घर मी बगते."

अप्पा पायऱ्यांपर्यंत त्याची समजूत काढत गेले. मी मात्र खूश. कॉलेज नुकतं संपलं होतं, महागाईविरोधी समितीची पत्रकं मी लिहायची, आणि ठेकेदार हा शब्द माझ्या पत्रकांत नेहमी 'पिळवणूक' या शब्दाच्या शेजारी यायचा. मला वाटलं, अक्का आता आपल्यातली झाली. दुसऱ्याच दिवशी कळलं, तू कुणातलीच नाहीस.

सिमेंट परमिटवर मिळायचं. आपण दोघी रांगेत उभ्या राहिलो. खिडकीतला माणूस म्हणाला, ठेकेदाराचं नाव सांगा, त्याशिवाय अर्ज पुढं जात नाही. मागच्या गल्लीत तेच सिमेंट वाटेल त्या भावानं मिळत होतं. माझं डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी साखर पेठेतल्या छापखान्यात जाऊन पत्रक काढलं, 'गरिबाचं सिमेंट कुणाच्या पोटात?' तुला मराठी वाचायला वेळ लागायचा, शाळा कन्नड झालेली, म्हणून मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. भाकरी थापता थापता सगळं ऐकलंस.

"लई झ्याक लिवलंस. आता ह्यानं भित्त चढंल का?"

"मोर्चा काढू. कलेक्टर कचेरीवर."

"काढ की. तुज्या मोर्चाला निगायला येळ हाय. तवर मला चुना मळू दे."

आणि तू खरंच माळावर चुन्याची घाणी घातलीस. गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. ज्या काळात सगळं सोलापूर सिमेंट-सिमेंट करत होतं, तेव्हा तू चुना आणि वाळू मळायला लागलीस. मी म्हणाले, ही पळवाट आहे अक्का, रांगेत तुझ्या मागं ज्या बाया उभ्या होत्या त्यांचं काय? तू म्हणालीस, त्यास्नी सांग की चुना कुटं मिळतो. मी म्हणाले, एकेकीला सांगून राज्य बदलत नाही. तू म्हणालीस, "राज्य तू बदल. मला भित्तीला पानी मारायचं हाय."

हा वाद आपला संपलाच नाही. मी आजही माघार घेतलेली नाही, हे तुला माहीत असू दे.

पण तुझं काम चालवणं बघताना मी वाद विसरायची. दुपारी तू हातगाडीवर भाकऱ्या, आमटी आणि शेंगाची चटणी घेऊन माळावर यायचीस आणि सगळ्यांना एका पंगतीत बसवायचीस. रसूलमिस्त्री, म्हणजे आपला गवंडी, त्याचे बिगारी, दगड घडवणाऱ्या वडारणी, बैलवाला, मी, सगळे एका ओळीत. ज्याला जे भांडायचं ते तिथंच भांडायचं. वाळू खराब आली, पाणी कमी पडलं, अमक्यानं तमक्याला शिवी दिली, सगळं ताटावर. मी विचारलं, जेवताना कशाला? तू म्हणालीस, "हात उष्टा असला की मानूस ताडकन उटून जात न्हाय. तवर त्याचा राग उतरतोय."

पेठेतून निरोप आलाच. लिंगायताची बाई, आणि पंगतीला कोण कोण बसवते. तू निरोप्याला आमटी वाढलीस आणि म्हणालीस, "भित्तीला कुणाकुणाचा हात लागला ते कुनी इचारलं न्हाय. मंग पंगतीचं का इचारताव?" तो जेवून गेला.

जोतं झालं. आता चौकट. आपल्याकडची रीत तीच, आधी दाराची चौकट उभी करायची, तिला हळदकुंकू, आंब्याची पानं, नारळ, आणि मग दोन्ही बाजूंनी भिंत वर न्यायची. पूजेला नवराबायको बसतात. चौकट मैंदर्गीच्या सुताराकडं सांगितली होती, सागवानी, चांगली. अप्पा म्हणाले, मी घेऊन येतो. घेऊन आले, पण माळावर नाही. आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरी आणून भिंतीला टेकवून ठेवली.

तू आलीस तेव्हा मी आणि अव्वा तिथंच होतो.

"मुहूर्त काढलाय," अप्पा म्हणाले. "पूजेला मी आणि ही बसू. तुला बसता यायचं नाही, हे तुलाही कळतंय. वरच्या फळीवर आपल्या बाबांचं नाव कोरून घेतलंय. आणि छताचं काम ठेकेदाराला द्यायचं. तू हो म्हण, चौकट मुहूर्ताला हजर."

"आनि न्हाय म्हनलं तर?"

"तर इथं राहील."

"दारावर नाव बाबांचं का? जागा माज्या मालकांची, हात माजा."

"बाईचं नाव दारावर लावतं का कुणी?"

तू चौकटीकडं बघितलंस. वरच्या फळीवरची अक्षरं बोटानं चाचपलीस, आजोबांचं नाव होतं ते, तुझ्याही बापाचं. मग चप्पल घालून गेलीस. मी मागं लागले. मी रस्त्यातच पत्रकाचा मथळा सांगितला, 'भावानं चौकट कोंडली'.

"छापू नको," तू म्हणालीस. "तुज्या अप्पाला वाचता येतंय. ऐकता येत न्हाय."

मग मी घरात जेवण सोडलं. निषेध म्हणून. कळल्यावर तू खानावळ टाकून आलीस आणि माझ्या पुढ्यात ताट आदळलंस. "त्यानं चौकट कोंडली, तू पोट का कोंडतीस? जेव. फुडं दोर वडायचा हाय." मला वाटलं, रागात काहीतरी बोलतेय. जेवले.

तिकडं काम ठप्प. घाणीतला मळलेला चुना वाळायला लागला. रसूलमिस्त्रीला होटगीहून दुसरं काम आलं होतं, तो दोन मनांत. तुझ्या मालकांच्या ओळखीनं रेल्वेच्या लिलावातून छतासाठी घेतलेले जुने रूळ तसेच गवतात पडलेले. हे सगळं थांबलं असतं तर शेवटी तो अंगठ्यावाला आलाच असता, आणि तू किल्ली घ्यायला हात पुढं केला असतास. तेवढंच अंतर राहिलं होतं. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली की तू हरशील.

पंगतीत रसूलमिस्त्रीनं विषय काढला. "अक्का, चौकट के बगैर दीवार कैसी उठाना? मेरेकू बोलो."

तू चटणी वाढत होतीस. "मिस्त्री, देवळाला चौकट कशाची असती?"

"पत्थर की."

"देवाला दगडाची चालती. मला का न्हाय?"

मिस्त्री हसला. "देव की चौकट नीची रहती अक्का, झुकके जाना पडता. आपकू झुकना जमेगा?"

"माजी उंच कर."

वडारणींनी त्याच जेवणावर कबूल केलं. दोन उभे दगड, खाली उंबरा, वर एक आडवा. कुठल्या खाणीतून आणायचा, कसा फोडायचा, हात धुवायच्या आत ठरलं. रसूलमिस्त्री होटगीला गेला नाही.

दगड उभे करायचा दिवस. दोर बांधले, माणसं तयार, आणि सगळे थांबले. मिस्त्री हळू आवाजात म्हणाला, "शगुन का काम है. हाथ किसका लगेगा?" वडारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. हळदकुंकवाचं ताट मधे ठेवलेलं, ते विधवेच्या हातात द्यायला कुणी पुढं येईना. तिथली प्रत्येक बाई तुझ्या हातचं जेवली होती, तरी ते ताट तुझ्या हाती देईना. अक्का, मी त्या क्षणी जे शिकले ते मला कुठल्या अभ्यासवर्गानं शिकवलं नाही. तुझ्याविरुद्ध तिथं कुणीच नव्हतं. आणि तरी रीत उभी होती, दगडापेक्षा जड.

तू घमेल्यातल्या पाण्यानं हात धुतलेस, पदराला पुसलेस, आणि ताट उचललंस. दोन्ही दगडांना हळद लावलीस, कुंकू लावलंस, बोटं भरून. आणि म्हणालीस, "माज्या घराला माजा हात लागला. काय व्हायचं ते मला हुईल. नारळ कोन फोडतंय?"

"हमकू बाकी कुछ नै आता," रसूलमिस्त्री म्हणाला, "नारियल फोडना आता." आणि फोडला.

मग सगळे हलले. मी दोराला होते. दगड उठायला लागला तशी मला राहवेना, मी घोषणा दिली, आणि तू ओळंबा हातात धरून त्या बाजूनं ओरडलीस, "घोशना दे, पन दोर सोडू नको."

त्यानंतर मी पुष्कळ मोर्चांत चालले. त्याहून शहाणी सूचना मला कुणी दिली नाही.

मुहूर्ताच्या दिवशी अप्पा आले. बैलगाडीत सागवानी चौकट, तिला हार घातलेला, पुढं हलगी, मागं स्वामी, पाहुणे, नवं लुगडं नेसलेली अव्वा. त्यांना खात्री होती. चौकटीशिवाय भिंत चढत नाही, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. वळणावरून गाडी पुढं आली आणि समोर दगडी दार उभं, दोन्ही बाजूंची भिंत खांद्यापर्यंत गेलेली. हलगीवाल्याचा हात आपोआप थांबला. मी भिंतीवर बसले होते आणि सांगते, एवढा आनंद मला परीक्षेत पास झाल्यावरही झाला नव्हता.

तू डोक्यावरून पदर घेऊन पुढं गेलीस.

"आलास? बरं झालं बग. मागच्या दाराला चौकट पायजेच हुती. आन आत."

अप्पा स्वामींकडं बघायला लागले. स्वामी म्हणाले, "दार ते दार. मुहूर्त टळायला नको." आणि तेवढ्यात अव्वा हसली. पदर तोंडाला लावून नव्हे, मोठ्यानं. अप्पांच्या समोर तिला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पूजेचं ताट घेऊन ती दगडी दारातून आत गेली, तेव्हा अप्पांना जावंच लागलं. चौकट आडवी करून, सांभाळून, त्या दारातूनच आत नेली. मागच्या दाराशी दोघं पूजेला बसले. वर आजोबांचं नाव. तू म्हणालीस, "बाबास्नी परसदारच आवडायचं. तितंच बसायचे की."

तुझ्याबद्दल लिहिताना हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर तू मला सोडणार नाहीस. त्यानंतर अप्पा तुझ्याशी बोलत नव्हते, पण रोज संध्याकाळी ऑफिसमधून थेट माळावर यायचे, बाही वर करून भिंतींना पाणी मारायचे आणि निघून जायचे. मी म्हणायची, लाज वाटते म्हणून. तू म्हणायचीस, "कशापायी का असंना. पानी मारतोय न्हवं."

छताचा दिवस तर काय सांगावा. रूळ टाकले, त्यावर शहाबादी फरशी, त्यावर चुन्याचा कोबा. बाया ओळीनं बसून लाकडी थाप्यांनी कोबा बडवत होत्या, कुणी तेलुगू गाणं, कुणी कन्नड, आणि थाप मात्र एकच. तू खाली उभी राहून रुळांकडं बघत होतीस. "जलमभर ह्यांनी रूळ सांभाळलं," म्हणालीस, "आता रूळ मला सांभाळतील." दुसरं काही बोलली नाहीस त्यांच्याबद्दल, कधीच. मी विचारायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही.

आणि खिडकी. पश्चिमेची. अक्का, त्या एका बाबतीत तो अंगठ्यावाला बरोबर होता. पहिल्याच दिवशी चूल पेटली आणि सगळा धूर वाऱ्यानं उलटा घरात आला. जेवायला बसलेले गिरणीवाले खोकून बेजार. मी म्हणाले, बुजवू या का? तू डोळे पुसत म्हणालीस, "धुरानं मच्छर जात्यात." शेवटपर्यंत कबूल केलं नाहीस. त्या खिडकीतून रेल्वेलाईन दिसते. तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही.

आणीबाणीत छापखानेवाले मला दारात उभं करेनात तेव्हा आमचं सायक्लोस्टाइल यंत्र तू ठेवून घेतलंस, त्याच स्वयंपाकघरात, पिठाच्या पोत्यांमागं. मी म्हणाले, धोका आहे. तू म्हणालीस, "भित्त माजी हाय. माज्या भित्तीआड काय ठेवायचं ते मी ठरवीन." भाड्याच्या खोलीत असतीस तर घरमालकानं दुसऱ्या दिवशी हाकललं असतं. स्वतःच्या घराचा अर्थ मला तेव्हा कळला. हे तुला सांगायचं राहिलं. आभार मानले असते तर तू म्हणाली असतीस, "साकु, पुरे, भाकरी करपत्याती." म्हणून राहून गेलं असेल.

तर हा झाला माझा मजकूर. परवापासून छापून घ्यायचा विचार होता, मैंदर्गीपर्यंत वाटायचा. मथळाही तयार होता.

आज सकाळी मात्र एक बाई आली. माळाच्या पलीकडच्या टोकाला तिच्या मालकानं तुकडा घेतलाय, तो गिरणीत, ती विड्या वळते. दोघांना बांधायचंय आणि ठेकेदारानं जे सांगितलं ते झेपत नाही. दारात उभी राहून वर छताकडं बघत म्हणाली, "हे कुणाला दिलतं बांधायला?"

अप्पा दारातच बसले होते. मी आतून उठले, बोलायला तोंडसुद्धा उघडलं. माझ्याआधी ते बोलले.

"कुणाला दिलं नव्हतं. माझ्या बहिणीनं बांधलं."

तेवढंच म्हणून थांबले नाहीत, अक्का. उठले. तिला आत घेतलं, भिंतीवर बोटाचं पेर आपटून दाखवलं, रूळ दाखवले, फरशीचा सांधा दाखवला. म्हणाले, मी आडवा आलो होतो, तरी बांधलं. परक्या बाईला म्हणाले. कालपर्यंत सोयऱ्यांना सांगता आलं नव्हतं ते.

मग ती म्हणाली, "सिमिट न्हाय? मंग चुना कुटं मिळाला?"

अप्पांना ते माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कागद तिथंच ठेवले, चप्पल घातली आणि तिला म्हणाले, "चला, आधी तुमची जागा बघू. पाणी किती लांब आहे?"